शिडीच्या पेटीतली पाच मतं

हैदराबाद राज्यात पहिल्यांदा निवडणूक झाली तेव्हा माझे यजमान आमच्या भागातून विधानसभेला उभे राहिले होते. ते पडले, ह्याचं कुणाला नवल वाटलं नाही. त्यांना स्वतःलाही फारसं वाटलं नसतं. पण तेव्हा गावागावाच्या पेट्या वेगवेगळ्या मोजत, आणि आमच्या गावच्या पेटीतून काय निघालं ते आम्ही दोघांनी समोर बसून पाहिलं. आमच्या संसाराची पुढची सगळी वर्षं त्या पेटीनंतरची आहेत.

माझं माहेर औरंगाबादला, छावणीत. वडील शिंपी. पलटणीतल्या साहेबांचे कपडे शिवायचे. चार बुकं मराठी आणि थोडं उर्दू शिकून मी लग्न होऊन दौलताबादच्या पलीकडं, गंगापूरच्या अंगाला एका खेड्यात आले. सासर खाऊनपिऊन सुखी. सासरे, सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची लहान मुलं आणि आम्ही दोघं. शेतातून किल्ला दिसायचा. बाया त्याच्याकडं बघून वेळ सांगायच्या, सावली कुठवर उतरली त्यावरून.

यजमान शहरात शिकलेले, संस्थानाविरुद्धच्या लढ्यात पडलेले. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते तुरुंगात गेले. रझाकारांनी आमच्या शिवारातल्या गंजी पेटवल्या, गुरं हाकून नेली, तेव्हा ते आतच होते. पोलीस ॲक्शन झाली आणि ते सुटून आले, तर गावानं त्यांना वेशीपासून वाजतगाजत आणलं. बैलगाडीत उभं करून मिरवलं. मी दारात ओवाळलं तेव्हा गर्दी एवढी होती की निरांजनाचं ताट मला डोक्यावर धरून पुढं जावं लागलं. नवऱ्याचा तेवढा मोठेपणा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

त्यानंतर काही दिवसांतच मणियाराचं झालं.

वेशीजवळ एका मुसलमान मणियाराचं घर होतं. नवराबायको दोघंच. तो आजूबाजूच्या बाजारांत बांगड्या विकायचा, ती गावात घरोघर भरायची. माझ्या हातात लग्नानंतरचा पहिला चुडा तिनंच भरला होता, आणि एक बांगडी पिचली तर मला लागू नये म्हणून स्वतःचं बोट मध्ये घातलं होतं. रझाकारांशी त्यांचा काही संबंध नव्हता. रझाकार गावात आले तेव्हा त्यांना पाणी त्यानं पाजलं होतं एवढंच, आणि ते तर पाटलांनीही पाजलं होतं. तरी एका दुपारी गावातली माणसं जमली आणि त्याच्या घरावर गेली. त्याला मारलं. छकड्यात घालून शहराच्या दवाखान्यात नेता नेता वाटेतच तो गेला. घर धुऊन नेलं, अगदी दारांसकट.

यजमान त्या दिवशी शहरात बैठकीला गेले होते. सायंकाळी आले तर आमच्या गोठ्याला एक हिरवं दार टेकवून ठेवलेलं. थोरल्या दिरांनी आणलेलं. यजमान ते बघत उभे राहिले आणि मला विचारलं, हे कुणाचं दार. त्यांना ठाऊक होतं. मीही सांगितलं नाही.

पुढं सरकारी अंमलदार जबान्या घ्यायला आला. सगळं गाव म्हणालं, बाहेरगावची माणसं होती, आम्ही ओळखलं नाही. मणियारीणसुद्धा तेच म्हणाली. तिला तिथंच राहायचं होतं. यजमानांनी मात्र कोण कोण गेलं होतं त्यांची नावं सांगितली. ती त्यांनी आमच्याच घरात, गल्लीत विचारून काढली होती. त्यात थोरल्या भावाचंही नाव होतं. दुसऱ्या कुणाची साक्ष मिळाली नाही, तेव्हा प्रकरण आपोआप बारगळलं. कुणाला एक दिवसाची कैद झाली नाही. ते हिरवं दार मग गोठ्याला बसवलंच, आणि मी रोज त्यातून शेणाची पाटी घेऊन जात-येत होते.

गावानं आम्हाला काही केलं नाही, हे सांगितलं पाहिजे. पाणी बंद केलं नाही, वाईट बोललं नाही. यजमान पारावर गेले की लोक सरकून जागा देत, तंबाखू पुढं करत. फक्त चाललेलं बोलणं थांबे. मग कुणीतरी पिकाचं काढी. घरात दीर त्यांच्याशी मोजकं बोलत. सासरे दोघांशीही तसंच. यजमान ह्याला एकच नाव देत, भीती. लोक मनातून आपल्या बाजूचे आहेत, पण पाटलाला, भाऊबंदांना भितात, असं त्यांचं ठाम मत होतं. मलाही ते पटे. न पटून करणार काय, मला त्याच गावात नांदायचं होतं.

निवडणूक आली तेव्हा एका मोठ्या पक्षानं शेजारच्या गावच्या एका जमीनदाराला उभं केलं. पोलीस ॲक्शनच्या आधी निजामाचे अंमलदार दौऱ्यावर आले की ह्याच्याच माडीवर जेवायला उतरत. आता त्यानं पांढरी टोपी घातली होती. यजमानांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. शहरातल्या त्यांच्या मित्रांनी समजावलं की हे फुकटचं आहे. एक शाळामास्तर तेवढे बरोबर राहिले. चिन्ह मिळालं शिडी.

अर्ज भरून आले त्या दिवशी जेवण झाल्यावर मी भांडी आवरत होते, तर यजमान माझ्याजवळ येऊन बसले. मी विचारलं, लोक मत देतील का.

ते म्हणाले, "भ्यालेत सगळे. तोंडानं बोलता येत नाही त्यांना. पण पेटी पडद्याआड असते. तिथं पाटील नाही, पोलीस नाही, भाऊबंद नाही. माणूस तिथं एकटाच असतो. निवडून नाही आलो तरी चालेल, पण आपलं गाव मनातून काय म्हणतं ते एकदा कळेल."

मला वाटतं, ते उभे राहिले ते एवढ्यासाठीच.

हुरड्याचे दिवस होते. ते आणि मास्तर एका सायकलवर गावोगाव जात. आमच्या गावातलं बायकांमधलं काम माझ्याकडं होतं. पेट्या कशा ठेवलेल्या असतील, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, त्यावर चित्र, चिठ्ठी कुठं टाकायची, हे मी घरोघर सांगत फिरले. एकाही घरानं मला दारातून परत पाठवलं नाही. कुंकू लावलं, हुरडा दिला, दोन घरी तर ओटी भरली. "व्हय, शिडीलाच. तुमाला नाय तर कुणाला?" असं प्रत्येकीनं सांगितलं. गावाबाहेरच्या मेंढपाळांच्या वाड्यावर गेले तर तिथल्या म्हातारीनं एक ऊन-ऊन कोकरू माझ्या मांडीत दिलं आणि म्हणाली, शिडी तं आमच्या रोजच्या कामाची, चुकायची कशी. घरी येऊन मी हे सगळं यजमानांना सांगे. ते ऐकत आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग येई. मिरवणुकीनंतर तो रंग मी तेव्हाच पाहिला.

मतदान शाळेत झालं. बायकांची रांग वेगळी होती आणि आमच्या बाजूनं ओळख पटवायला मला तिथं बसवलं होतं. सणाला निघाल्यासारख्या बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. प्रत्येकीला दोन चिठ्ठ्या मिळायच्या, एक दिल्लीची, एक हैदराबादची. बोटाला शाई लावताना काही जणी घाबरून हात मागं घेत. सासूबाई आतून येताना पदराला बोट पुसत आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, पेटीला हळदकुंकू वाहिलं, थोडं चिठ्ठीलाबी लावलं. मणियारीणही आली. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दोन बोटांनी हवेत शिडीच्या पायऱ्या काढून दाखवल्या. जाऊबाई आत बराच वेळ होत्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

मोजणी औरंगाबादला कचेरीत होती. यजमानांच्या बाजूनं मास्तर बसायचे होते, पण बदलीची भीती घातली गेली म्हणून ते आले नाहीत. मग त्यांच्याबरोबर मीच गेले. त्या दालनात मी एकटी बाई. एका वयस्क कारकुनानं मला खुर्ची आणून दिली, आणि दिवसभर मला कुणी काही वावगं बोललं नाही.

सकाळी थेट गंगापूरजवळच्या गावांच्या पेट्या निघाल्या. तिथं आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं, यजमान सायकलवरून एकदाच जाऊन आले होते. तरी शिडीच्या पेट्यांतून कुठं वीस, कुठं तीस चिठ्ठ्या पडत होत्या. समोरच्याच्या शेकड्यांनी होत्या हे खरं, पण यजमान पुटपुटत होते, इथं एवढी आहेत म्हणजे गावाकडं बघ. दुपारचं जेवण त्यांनी केलं नाही.

आमच्या गावच्या पेट्या उन्हं कलल्यावर आल्या. समोरच्या उमेदवाराची पेटी आधी उघडली. ती एवढी ठासून भरली होती की चिठ्ठ्या बोटांनी ओढून काढाव्या लागल्या. मग शिडीची. कारकुनानं लाखेची मोहोर फोडली, झाकण काढलं आणि पेटी उपडी केली. टेबलावर काही पडल्यासारखं वाटलंच नाही. त्यानं बुडावर थाप मारली, मग आत हात घालून चाचपून पाहिलं. पाच चिठ्ठ्या होत्या. एकीला कुंकू लागलेलं होतं. बाकी टेबलावर हळदीची थोडी पूड सांडली, ती त्यानं तळहातानं गोळा करून बाजूला ठेवली, झाडून टाकली नाही.

"एवढ्याच आहेत," तो म्हणाला.

यजमानांनी विचारलं, ही पेटी आमच्याच गावची ना. त्यानं पेटीला बांधलेला कागद फिरवून दाखवला. त्यांनी तो वाचला. मग जिथं सही करायची तिथं सही केली आणि बाकीच्या सगळ्या गावांच्या पेट्या मोजून होईपर्यंत खुर्चीवर ताठ बसून राहिले. मला उठून जावंसं वाटत होतं. पण ते बसले होते म्हणून मीही बसले.

परतताना मोटारीतून दौलताबादला उतरून आम्ही पायवाटेला लागलो. किल्ल्यावरचं ऊन कधीच गेलं होतं. मध्येच ते थांबले आणि म्हणाले,

"आपल्या घरातच सहा मतं होती."

एवढंच. मला ते कचेरीतच कळलं होतं. सासूबाईंचं कुंकवाचं, त्यांचं, माझं आणि मणियारणीचं, ही चार झाली. राहिलं एक. म्हणजे सासरे, दीर आणि जाऊबाई ह्या तिघांपैकी कमीत कमी दोघांनी तरी आपल्या माणसाला मत दिलं नव्हतं. आणि गावातल्या ज्या घरांनी माझी ओटी भरली त्यांचं तर बोलायलाच नको.

गावात गुलाल उधळून झाला होता. रस्त्यावर तो सांडलेला होता. आमच्या ओसरीवर सासरे आणि दीर बसले होते. निकाल त्यांना आधीच कळला होता. सासूबाई आतून लगबगीनं आल्या आणि मुलाच्या तोंडाकडं बघत विचारलं, "माझं मत निघालं का रे?"

"निघालं, माय," ते म्हणाले. "पहिलंच निघालं."

त्या समाधानानं पाणी आणायला गेल्या. मग यजमान वडिलांसमोर बसले. भांडण होईल असं मला वाटलं, पण आवाज कुणाचाच चढला नाही. वडील जमिनीकडं बघत म्हणाले, "आमाला हितंच राहायचंय. गाव सोडून कुटं जावं?"

"आबा, मला बी हितंच राहायचं हुतं," यजमान म्हणाले.

दीर उठून गोठ्याकडं गेले.

काही दिवसांनी विहिरीवर जाऊबाईंनी आपणहून सांगितलं. त्यांना दिरांनी समोरच्याच्या पेटीवरचं चित्र आधीच घरी नीट समजावलं होतं. "शिडीच्या पेटीवर हात ठेवला हुता मी," त्या म्हणाल्या. "पर हात मागं आला. आपलंच माणूस साहेबापुढं आपल्याच माणसाचं नाव घेतं, हे काय मला पटलं नाय, बाई." त्या रागावून बोलत नव्हत्या. घागर भरली, डोक्यावर घेतली आणि माझ्या घागरीला हात लावून ती मला उचलून दिली. त्यांना कुणी दमात घेतलं नव्हतं. पडद्याआड त्या एकट्याच होत्या आणि त्यांना मनातून जे वाटलं ते त्यांनी केलं. मी हे यजमानांना सांगितलं नाही. पण ते त्यांना कळलं होतं, जाऊबाईंचंच नव्हे, सगळ्या गावाचं. इतकी वर्षं ज्याला ते भीती म्हणत होते ती भीती नव्हती.

त्यांच्यात बदल झाला तो हा. लोकांवर त्यांचा राग नव्हता. उलट पारावर जाणं त्यांनी चालूच ठेवलं. पण आता ते चेहरे न्याहाळत बसत. कुणी मत दिलं नाही ह्याचा शोध त्यांना नको होता. त्यांना ते पाचवं माणूस हवं होतं. मेंढपाळांची म्हातारी असेल का, न्हावी असेल का, तुरुंगातून सुटल्यावर गाडी हाकणारा तो असेल का. मला विचारत, तू रांगेत बसली होतीस, तुला कुणाचा चेहरा आठवतो का. मला सगळ्यांचेच चेहरे आठवत होते. जाऊबाई सोडल्या तर सगळ्याजणी हसूनच बाहेर आल्या होत्या.

मणियारीण उन्हाळ्यात भावाकडं निघून गेली. जाण्याआधी तिनं मला बोलावून उरलेल्या बांगड्या दिल्या. मी थांब म्हणाले नाही. तिला कशासाठी थांबवणार होते मी. तिच्या घराच्या भिंती पुढच्या पावसाळ्यांत खचल्या आणि त्या जागेवर कुणीतरी कडब्याची गंजी रचली.

आम्हीही फार दिवस राहिलो नाही. सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या, यजमानांनी आपला हिस्सा भावालाच कसायला दिला आणि आम्ही छावणीत माझ्या माहेराजवळ दोन खोल्यांत आलो. ते कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून लागले. पुढच्या निवडणुका आल्या, गेल्या. ते मत द्यायला जात नसत. मी जायची, पण काय पाहून मत देते ते मला सांगता आलं नसतं.

आणि मग माणसं यायला लागली. गावाकडून कुणी दवाखान्यासाठी, कुणी मुलाच्या शाळेसाठी आलं की आमच्याकडं उतरे. जेवण झालं की आवाज खाली आणून सांगे, त्या वेळच्या पाचांतलं एक मत माझं होतं बरं का. पहिल्यांदा एकानं असं सांगितलं तेव्हा यजमानांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता. त्याला फळं बांधून दिली, मोटारीपर्यंत पोचवायला गेले. वर्षभरानं दुसऱ्यानं तेच सांगितलं. मग तिसऱ्यानं. नंतर नंतर ते नुसतं "बरं" म्हणत. दीर आजारी पडून आमच्याकडं राहिले होते, तेव्हा शेवटी शेवटी त्यांनीही भावाला जवळ बोलावून सांगितलं की तुला मत मी दिलं होतं, आबांच्या भीतीनं बोललो नाही. यजमान त्यांचे पाय चेपत होते. त्यांनी "बरं, दादा" म्हटलं आणि पाय चेपत राहिले. त्या दिवसापासून त्यांनी पाचव्या माणसाचा विषय कधी काढला नाही. मला वाटतं, असं कुणी असेल ही आशाच त्यांनी सोडली. कुणीतरी चुकून त्या पेटीत चिठ्ठी टाकली असेल, असं ते त्याआधीच एकदा म्हणाले होते.

यजमान गेले तेव्हा गावातून ट्रक भरून माणसं आली. तिसऱ्या दिवशी छावणीत आमच्या दारापुढं सतरंजी टाकून शोकसभा झाली. आमच्या गावचा सरपंच उठला. त्या निवडणुकीच्या वेळी तो पाळण्यात असेल. तो म्हणाला की ह्या माणसानं सत्यासाठी घरादाराची पर्वा केली नाही, आणि त्या पहिल्या निवडणुकीत सगळं गाव ह्यांच्या पाठीशी एकदिलानं उभं होतं, बाहेरच्यांनी दगा दिला म्हणून ते पडले. लोकांनी माना हलवल्या. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा हलवल्या. तो खोटं बोलत नव्हता, त्याला घरी तसंच सांगितलं गेलं असणार. मी दारात बसले होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. कुणी विचारलं नाही. गावच्या माणसांना अंधार पडायच्या आत परत पोचायचं होतं, म्हणून मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.